सरकारी वकिलांच्या कार्यालयात इंटर्नशिप, इंदूर खंडपीठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं इंदूरमधल्या आणि आसपासच्या मराठी विधी विद्यार्थ्यांसाठी आहेत. घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि ठाण्याचे कागद पोलिसी हिंदीत, असा तिहेरी संसार इथे करावा लागतो. म्हणून भाषेच्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिली आहे.

लॉ क्लर्क, इंटर्न आणि मुंशी हे एकच का?

नाही, तिन्ही वेगळे. न्यायमूर्तींकडे संशोधनाचं काम करणारा लॉ क्लर्क हा पदवीधर असतो आणि त्याची नेमणूक उच्च न्यायालय करतं. मुंशी म्हणजे वकिलाचा नोंदणीकृत कारकून. फाइलिंग, नकला, डिफॉल्ट (दाखल कागदांतल्या त्रुटी) दुरुस्ती हे त्याचं राज्य. सरकारी वकिलांकडे विद्यार्थी म्हणून जाणारा तो इंटर्न. पण प्रत्यक्षात त्याचं निम्मं काम क्लर्कचं असतं: फाइल लावणं, तारखा काढणं, टिपण करणं. 'मी ड्राफ्टिंगला आलोय' असं म्हणत मुंशीजींना टाळणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात फाइल सापडेनाशी होते.

इंदूरमध्ये 'सरकारी वकील' म्हणजे नेमकं कोणतं कार्यालय?

अर्ज करण्याआधी हे स्पष्ट करून घ्या, कारण चार वेगळ्या जागा आहेत.

उच्च न्यायालयात राज्य शासनाची बाजू महाधिवक्ता कार्यालय मांडतं. महाधिवक्ता हे संविधानाच्या अनुच्छेद 165 खालचं पद. मुख्य पीठ जबलपूरला असल्यामुळे इंदूरचं कार्यालय अतिरिक्त महाधिवक्ता सांभाळतात. त्यांच्या हाताखाली उप महाधिवक्ता, शासकीय अधिवक्ता आणि पॅनेल लॉयर. सत्र न्यायालयात लोक अभियोजक आणि अतिरिक्त लोक अभियोजक असतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात एडीपीओ, म्हणजे सहायक जिल्हा लोक अभियोजन अधिकारी. हे पगारी अधिकारी आहेत आणि त्यांची भरती राज्य लोकसेवा आयोगामार्फत होते. केंद्र सरकारचे वकील हे चौथं घर. आयकर, रेल्वे, पासपोर्ट यांसारखी प्रकरणं त्यांच्याकडे.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना 'जीपी ऑफिस' (गव्हर्नमेंट प्लीडर, म्हणजे सरकारी वकिलांचं कार्यालय) म्हटलं की कळतं. इथे त्याच शब्दाने जिल्हा न्यायालय समजलं जाऊ शकतं.

फौजदारी खटला साक्षीपुराव्यासह उभा राहताना बघायचा असेल तर सत्र न्यायालय निवडा. जामीन, रिट आणि अपील शिकायचं असेल तर उच्च न्यायालय. आमचं मत विचाराल तर आधी सत्र न्यायालय. उलटतपासणी कशी होते हे न बघता अपिलाचं पेपरबुक वाचणं म्हणजे मॅच न बघता स्कोअरकार्ड वाचणं.

इंदूर खंडपीठात कोणत्या जिल्ह्यांची प्रकरणं येतात?

इंदूर, उज्जैन, देवास, धार, झाबुआ, अलिराजपूर, रतलाम, मंदसौर, नीमच, शाजापूर, आगर-माळवा, राजगढ, खरगोन, बडवानी. खंडवा आणि बुऱ्हाणपूर इथून जवळ असले तरी त्यांची प्रकरणं जबलपूरला जातात. नवीन मुलं हमखास इथेच चुकतात आणि बुऱ्हाणपूरची फाइल इंदूरच्या कॉजलिस्टमध्ये (दिवसाच्या सुनावण्यांच्या यादीत) शोधत बसतात.

बार कौन्सिलच्या नियमात किती आठवडे बसतात?

2008 च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे. कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. शिवाय संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खटला आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे काम झालेलं असावं लागतं. ही अट सरकारी वकिलांकडे सहज पुरी होते. हजेरीची 70 टक्क्यांची अट वेगळी आहे आणि इंटर्नशिपच्या नावाखाली ती माफ होत नाही. सेमिस्टर चालू असताना 'रोज दुपारी येतो' असं सांगून जाणाऱ्यांना काम मिळत नाही, कारण दुपारपर्यंत बोर्ड, म्हणजे त्या दिवसाचं कामकाज, संपत आलेलं असतं.

अर्ज कसा करायचा?

कागद चार: कॉलेजचं शिफारसपत्र, बोनाफाइड, ओळखपत्राची प्रत आणि एका पानाचा बायोडेटा. शिफारसपत्र 'ज्याच्याशी संबंध असेल त्याला' असं मोघम नको. 'अतिरिक्त महाधिवक्ता, उच्च न्यायालय खंडपीठ इंदूर' असं पदनाम घालून, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून घ्या. तारखा नसतील तर प्रमाणपत्राच्या वेळी घोळ होतो: पत्रात एक महिना, प्रत्यक्षात 22 दिवस, आणि कॉलेज दोन्ही मानायला तयार नाही.

बायोडेटात मूट कोर्टच्या ट्रॉफ्यांपेक्षा तीन गोष्टी उपयोगाच्या: हिंदी टायपिंग येतं का, हस्तलिखित देवनागरी वाचता येतं का, आणि कोणत्या शाखेत रस आहे. साध्या हिंदीत अर्ज लिहिला तरी चालतो. किमान महिना-दीड महिना आधी द्या आणि प्रत्यक्ष जाऊन द्या. ईमेलला उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला, असं समजू नका.

उन्हाळी सुट्टीत जावं का?

कॉलेजला तेव्हाच सुट्टी असते म्हणून सगळे मे-जून मागतात. पण तेव्हा उच्च न्यायालयालाही सुट्टी असते आणि सुट्टीतली पीठं मुख्यतः तातडीची प्रकरणं ऐकतात, त्यातही जामीन जास्त. जामिनाचं काम शिकायला हा काळ चांगला, रिट किंवा अंतिम सुनावणी बघायची तर निरुपयोगी. जमत असेल तर जूनचा उत्तरार्ध आणि जुलै धरा.

पोशाख काय?

पांढरा शर्ट, काळी किंवा पांढरी पँट, काळा कोट, काळा टाय, काळे बूट. गाउन आणि बँड नाही, ते नोंदणीकृत वकिलांचे. मुली पांढरा सलवार-कमीज आणि काळा कोट घालतात. मेमध्ये कोट नकोसा होतो, तरी कोर्टरूममध्ये शिरताना अंगावर हवा.

पैसे मिळतात का?

मिळतील असं धरून चालू नका. पहिल्याच दिवशी सरळ विचारा.

पहिल्या आठवड्यात काय करायला लावतात?

कॉजलिस्ट. आदल्या संध्याकाळी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर यादी येते. तुमच्या वकीलसाहेबांना नेमून दिलेल्या कोर्टाची यादी काढायची आणि प्रत्येक प्रकरणापुढे पाच गोष्टी लिहायच्या: प्रकरण कशाचं आहे, मागच्या तारखेला काय आदेश झाला, त्या आदेशाप्रमाणे शासनाने काय करायचं होतं, ते झालं का, आणि आज काय मागायचं. यातला तिसरा आणि चौथा रकाना खरा. मागच्या तारखेला 'दोन आठवड्यांत जवाब' असा आदेश असेल आणि फाइलमध्ये जवाब नसेल, तर वकीलसाहेबांना ते न्यायमूर्तींच्या तोंडून नाही, तुमच्या कागदावरून कळलं पाहिजे.

मागचा आदेश संकेतस्थळावरून उतरवून वाचा. फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेल्या टिपेवर विसंबू नका. ती घाईत लिहिलेली असते आणि 'वेळ दिला' नि 'शेवटची संधी दिली' यातला फरक तिच्यात हरवतो.

यादीत पूरक यादीही असते, ती रात्री उशिरा येते. ती न बघणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

डब्ल्यूपी, एमसीआरसी, सीआरए... ही अक्षरं कशी लक्षात ठेवायची?

डब्ल्यूपी म्हणजे रिट याचिका, डब्ल्यूए म्हणजे एकलपीठाच्या आदेशावर रिट अपील. एमसीआरसी म्हणजे किरकोळ फौजदारी प्रकरण. नाव किरकोळ, पण नियमित जामीन, अटकपूर्व जामीन आणि एफआयआर रद्द करण्याचे अर्ज यातच येतात. सीआरए फौजदारी अपील, सीआरआर फौजदारी पुनरीक्षण. एफए आणि एसए पहिलं आणि दुसरं दिवाणी अपील. एमपी म्हणजे मध्य प्रदेश नव्हे, अनुच्छेद 227 (खालच्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार) खालची याचिका. कॉन्क म्हणजे अवमान.

एक अपवाद पाठ करा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या प्रकरणात जामीन नाकारला गेला तर कलम 14-अ प्रमाणे अपील होतं. म्हणून ते जामिनाचं प्रकरण असूनही एमसीआरसीत सापडत नाही, सीआरएत असतं. तिथे पीडिताला सूचना गेली का हे कलम 15-अ खाली तपासावं लागतं. सूचना नसेल तर सुनावणी पुढे ढकलली जाते.

जामिनाच्या प्रकरणात केस डायरीवरून टिपण कसं काढायचं?

हे नीट आलं तर बाकीचं जमतंच. जामीन अर्जाची प्रत कार्यालयात आली की संबंधित ठाण्याकडून केस डायरी (पोलिसांच्या तपासाची रोजची नोंद) मागवली जाते आणि ठाण्याचा हवालदार ती घेऊन येतो. टिपण एका पानाचं असावं. त्यात, याच क्रमाने:

ठाणं, अपराध क्रमांक आणि वर्ष, कलमं, घटना कधी आणि एफआयआर कधी, अटकेची तारीख आणि आजपर्यंत कोठडीचे दिवस, हा कितवा अर्ज, एफआयआरमध्ये नाव आहे का, साक्षीदारांच्या जबाबात या आरोपीने नेमकं काय केलं म्हटलंय, वैद्यकीय अहवाल, जप्ती काय आणि कोणाकडून, गुन्हेगारी नोंदी, सहआरोपींचे जामीन, दोषारोपपत्र लागलं का.

कुठे चुकतं ते सांगतो.

अपराध क्रमांक दरवर्षी 1 पासून सुरू होतो. त्यामुळे 214/2024 ऐवजी 214/2025 ची डायरी येते आणि कोर्टात उघडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. डायरी हातात आली की आधी आरोपीचं आणि वडिलांचं नाव अर्जाशी ताडा.

गुन्हेगारी नोंदींच्या यादीत एकाच नावाच्या दोन माणसांचे गुन्हे मिसळलेले असतात. प्रत्येक नोंदीत वडिलांचं नाव आणि वय बघा. यादीतल्या कोणत्या प्रकरणात निर्दोष सुटका झाली तेही लिहा. ते लपवलं तर समोरचा वकील उभा राहून सांगतो आणि मग तुमच्या बाकी टिपणावरचाही विश्वास जातो.

भूमिका लिहिताना 'सर्व आरोपींनी मारहाण केली' असं एफआयआरमधून उतरवू नका. काठी कोणाची, जखम कुठे, ती एमएलसीत (दवाखान्याच्या वैद्यकीय-कायदेशीर अहवालात) आहे का, साधी की गंभीर, हे जुळवून लिहा.

कोठडीचे दिवस बोटांवर मोजा, अंदाजे नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 प्रमाणे तपास 60 किंवा 90 दिवसांत संपला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. व्यावसायिक मात्रेच्या (कायद्याने ठरवलेल्या मोठ्या वजनाच्या) अमली पदार्थ प्रकरणात ही मर्यादा 180 दिवसांची.

कलमं जुनी की नवी? गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधी घडला असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते, एफआयआर नंतर नोंदला तरी; त्यानंतरच्या गुन्ह्याला नवी भारतीय न्याय संहिता. माळव्यातल्या भांडणांच्या एफआयआरमधली नेहमीची माळ होती 294, 323, 506, 34. ती आता 296, 115(2), 351, 3(5) अशी येते. 307 चं 109 झालं, 302 चं 103, 420 चं 318(4), 498-अ चं 85, 376 चं 64. तक्ता कोटाच्या खिशात ठेवा, पण टिपणात दोन्ही क्रमांक लिहून गोंधळ वाढवू नका.

मंदसौर-नीमचची अमली पदार्थांची प्रकरणं वेगळी का हाताळतात?

हा अफूच्या परवान्याचा पट्टा आहे, त्यामुळे इंदूर खंडपीठात अशी प्रकरणं सतत येतात. इथे पहिला प्रश्न मात्रेचा. अफू 25 ग्रॅमपर्यंत अल्प, अडीच किलोच्या वर व्यावसायिक. डोडाचुरा (अफूच्या बोंडांचा चुरा) 1 किलो आणि 50 किलो. गांजा 1 किलो आणि 20 किलो. हेरॉइन, म्हणजे इथल्या भाषेत स्मॅक, 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि 10 ग्रॅम. मात्रा व्यावसायिक असेल तर अमली पदार्थ कायद्याचं (एनडीपीएस) कलम 37 आडवं येतं: सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावीच लागते, आणि आरोपी दोषी नसल्याचं मानायला वाजवी कारण आहे नि तो जामिनावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असं न्यायालयाचं समाधान व्हावं लागतं.

वजन निव्वळ की पोत्यासकट, हे पंचनाम्यात शोधा. पोत्याचं वजन वजा केल्यावर 51 किलोचा डोडाचुरा 49 किलो झाला तर अख्खं प्रकरण बदलतं. भेसळीचं वजन मात्र वजा होत नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मिश्रणाचं एकूण वजन धरायचं असं ठरवलं. मग कलम 42 ची माहिती लेखी नोंदली का, अंगझडती असेल तर कलम 50 ची समज दिली का, आणि कलम 52-अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, या तीन ठिकाणी पान क्रमांकासह खूण करा.

दारूच्या प्रकरणात राज्याचा 1915 चा आबकारी कायदा. 50 बल्क लिटरच्या वर माल असेल तर कलम 34(2), आणि जामिनावर कलम 59-अ ची बंधनं. पेट्यांचा गुणाकार स्वतः करा. 180 मिलीच्या 48 बाटल्यांची पेटी 8.64 लिटरची, म्हणजे पाच पेट्या 43.2 लिटर आणि सहा पेट्या 51.84.

डायरीतली हिंदी समजत नाही. काय करू?

घरात हिंदी बोलणाऱ्यांनाही ती समजत नाही, तेव्हा संकोच नको. ठाण्याची भाषा फारसी-उर्दूवर पोसलेली आहे.

'रोजनामचा सान्हा' म्हणजे ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद. 'देहाती नालसी' म्हणजे घटनास्थळी किंवा दवाखान्यात लिहून घेतलेली फिर्याद; तिच्यावरून नंतर ठाण्यात 'असल कायमी' होते. 'कायमी' म्हणजे गुन्हा नोंदवणं. 'मर्ग' म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, तिचा क्रमांक गुन्ह्याच्या क्रमांकाहून वेगळा. 'गुम इंसान' म्हणजे बेपत्ता व्यक्तीची नोंद आणि 'दस्तयाबी' म्हणजे ती व्यक्ती सापडल्याचा पंचनामा. 'मशरूका' चोरीचा माल, 'मुखबिर' खबऱ्या, 'हमराह' सोबत असलेले, 'तस्दीक' खातरजमा, 'नजरी नक्शा' घटनास्थळाचा कच्चा नकाशा. 'खात्मा' म्हणजे कोणाचा खात्मा नव्हे, तपास बंद केल्याचा अहवाल. 'खारिजी' म्हणजे गुन्हाच खोटा निघाल्याचा.

पण खरा धोका अनोळखी शब्दांचा नाही, ओळखीच्या शब्दांचा आहे. कोर्टाच्या हिंदीत 'राजीनामा' म्हणजे तडजोड. मराठी डोळ्यांना वाटतं फिर्यादीने नोकरी सोडली. 'संशोधन आवेदन' म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, त्यात रिसर्च नाही. 'आपत्ति' म्हणजे हरकत. 'अवकाश' म्हणजे रजा. 'शिक्षा विभाग' म्हणजे शिक्षण खातं, आणि शिक्षेला 'दंड' किंवा 'सजा'. सेवाविषयक याचिकेत 'शिक्षा' आणि 'दंड' एकाच परिच्छेदात आले की आपल्या मुलांची हमखास गडबड होते. टिपण इंग्रजीत करत असाल तर हे शब्द आधी बाजूला काढा आणि मगच भाषांतर करा.

उच्च न्यायालयात 1971 पासून हिंदीलाही परवानगी आहे, त्यामुळे काही याचिका संपूर्ण हिंदीत असतात. निकाल बहुतांशी इंग्रजीत.

जमिनीच्या प्रकरणात महाराष्ट्राचं ज्ञान चालतं का?

कल्पना येते, शब्द बदलतात. इथे 1959 ची भू-राजस्व संहिता. तलाठ्याच्या जागी पटवारी, सातबाराच्या जागी खसरा आणि बी-1, फेरफाराला नामांतरण, मोजणीला सीमांकन, वाटणीला बंटवारा, प्रांताला अनुविभागीय अधिकारी. आदिवासी जमिनीच्या विक्रीला कलम 165(6), अतिक्रमणाला 248, सीमांकनाला 129. धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानीच्या फायलींत 165(6) हमखास येतं.

रिट याचिकेचा जवाब कसा तयार होतो? त्यात विद्यार्थ्याचं काम काय?

याचिकेची प्रत विभागाला जाते. विभाग प्रभारी अधिकारी नेमतो. सगळे त्याला ओआयसी म्हणतात. तो याचिकेच्या प्रत्येक परिच्छेदावर 'कंडिकावार' उत्तर आणि मूळ नस्ती (विभागाची फाइल) घेऊन येतो. त्यावरून जवाबाचा मसुदा होतो, ओआयसी शपथपत्र करतो आणि जवाब दाखल होतो. इंदूरमध्ये त्याला 'रिटर्न' म्हणतात. याचिकाकर्त्याचे जोडपत्र पी-1, पी-2 असे आणि शासनाचे आर-1, आर-2 असे.

तुमचं काम मसुद्याच्या आधीचं. याचिकेतले तथ्यांचे परिच्छेद घ्या, शेजारी विभागाचं उत्तर आणि तिसऱ्या रकान्यात नस्तीतला कागद, पान क्रमांकासह. तिसरा रकाना रिकामा राहिला तिथे लाल खूण. विभागाची उत्तरं बऱ्याचदा अशी असतात: 'कंडिका 5.4 अभिलेख से संबंधित है, टिप्पणी की आवश्यकता नहीं'. आणि नेमकं 5.4 मध्येच लिहिलेलं असतं की सुनावणी न देता सेवेतून काढलं. न नाकारलेली गोष्ट मान्य केली असं धरलं जाऊ शकतं, म्हणून अशा जागी ओआयसीला थांबवून विचारा: नोटीस दिली होती का? पोच कुठे आहे? कारणे दाखवा नोटीस आणि आदेश यांच्या तारखा पाठोपाठच्या असतील तर तेही नोंदवा.

ओआयसी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून पहाटेच्या बसने आलेला असतो आणि संध्याकाळची गाडी धरायची घाई असते. तो समोर असेपर्यंत कागद पूर्ण करून घ्या. 'उद्या व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणून आलेल्या प्रतीत नेहमी शिक्क्याचा भाग कापलेला असतो. शपथपत्रावर सही करणारा तोच अधिकारी आहे का, की दरम्यान त्याची बदली झाली, हेही बघा.

अपिलाची मुदत कशी मोजायची?

एकलपीठाच्या आदेशावर रिट अपील 2005 च्या खंड न्यायपीठ अपील अधिनियमाखाली 45 दिवसांत. अंतरिम आदेशावर किंवा अनुच्छेद 227 खालच्या आदेशावर हे अपील नाही. निर्दोष सुटकेवर राज्याचं अपील 90 दिवसांत आणि त्याला आधी परवानगी लागते.

उदाहरण घ्या. आदेश 3 मार्चचा. तो दिवस सोडा. 4 मार्च हा पहिला, 31 मार्च अठ्ठाविसावा, 17 एप्रिल पंचेचाळिसावा. प्रमाणित नकलेचा अर्ज 10 मार्चला दिला, नकल 18 मार्चला तयार झाली, म्हणजे दोन्ही टोकं धरून 9 दिवस वगळायचे. शेवटची तारीख 26 एप्रिल. ती रविवारी आली तर सोमवार. नकल 18 ला तयार असून शासनाच्या माणसाने ती 30 ला उचलली, तर मधले 12 दिवस मिळत नाहीत. हे सगळं नकलेच्या शिक्क्यावर असतं. अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा वेगळ्या लिहा.

मुदत उलटली असेल तर उशिराचा तक्ता करा: आदेश, नकल, सरकारी वकिलाचा अभिप्राय, विभागाचा प्रस्ताव, विधी विभागाची परवानगी, ओआयसीची नेमणूक, मसुदा, दाखल. प्रत्येक दोन टप्प्यांत किती दिवस गेले ते लिहा आणि मोठ्या अंतराशेजारी कागद शोधा. 'फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती' हे कारण आता चालत नाही. 2012 मध्ये डाक विभागाच्या 427 दिवसांच्या उशिराबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आणि 2020 मध्ये मध्य प्रदेश शासनाच्याच 663 दिवसांच्या उशिरावर 25,000 रुपयांचा खर्च बसवला. तक्ता खरा करा. पोकळ जागा सजवून भरलेली असली की ती पहिल्या प्रश्नात उघडी पडते.

अवमान याचिका आली की एवढी धावपळ का?

कारण अधिकाऱ्याला स्वतः हजर राहावं लागू शकतं. बहुतेक अवमान एका साध्या आदेशातून जन्मतो: 'अर्जदाराचं निवेदन अमुक दिवसांत निकाली काढा'. आदेश विभागात पोचतो, बाबूंच्या कपाटात जातो आणि मुदत संपते. तुम्ही निकालात निघालेल्या रिट याचिकांची वेगळी वही ठेवली, त्यात पालनाची शेवटची तारीख लिहिली आणि आठवडाभर आधी आठवण करून दिली, तर अर्धे अवमान दाखलच होत नाहीत. अवमानाची मुदत एक वर्षाची, अवमान कायद्याचं कलम 20.

गोपनीयता कुठवर पाळायची?

केस डायरी आरोपीलाही मागता येत नाही, तेव्हा तिचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असण्याचं काही कारण नाही. वकिलाच्या व्यावसायिक गोपनीयतेचं बंधन साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 प्रमाणे त्याच्या कारकुनांवर आणि कर्मचाऱ्यांवरही आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बालकांच्या प्रकरणात पॉक्सोचं कलम 23. टिपणात नावाऐवजी 'पीडिता' किंवा साक्षीदार क्रमांक लिहा, गावाचं नाव आणि वडिलांचं नावही गाळा.

डायरीचं पान भाषांतरासाठी ऑनलाइन साधनात चिकटवणं म्हणजे ते बाहेर देणंच. सुनावणीच्या थेट प्रक्षेपणातली क्लिप कापून ग्रुपवर टाकणं 2021 च्या राज्याच्या नियमांनुसार मना आहे, अगदी तुमचे वकीलसाहेब त्यात उत्तम बोलले असले तरी.

ओळखीचे लोक केसबद्दल विचारतात. काय सांगू?

इंदूरच्या मराठी मंडळीत हे होणारच. रामबागेतले काका आईला फोन करतात: 'तुमचा मुलगा तिथेच असतो ना, जरा बघायला सांगा.' काकांना संकेतस्थळावर केस स्टेटस कसं बघायचं ते शिकवा. तारीख आणि आदेश सगळ्यांसाठी खुले आहेत. त्यापलीकडे एक शब्द नाही. नातलगाचं प्रकरण तुमच्याच टेबलावर आलं तर त्याच दिवशी वकीलसाहेबांना सांगा आणि फाइल दुसऱ्याकडे द्या. आधी ज्या खासगी वकिलाकडे काम केलं त्याची प्रकरणंही आधीच सांगून ठेवा.

कोर्टात उभं राहून तारीख मागता येते का?

नाही. वकिली फक्त नोंदणीकृत वकिलालाच करता येते. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले असतील तर पॅनेलवरच्या दुसऱ्या वकिलांना शोधून आणणं हे तुमचं काम. त्यासाठी कोणत्या कोर्टात कोण आहे आणि बोर्ड कुठे पोचलंय ते डिस्प्लेवर बघत राहा.

निकाल शोधताना काय पाळायचं?

मुद्दा बांधून शोधा. शेवटी तीन निकाल पुरतात. उच्च न्यायालयाच्या निकालांना तटस्थ क्रमांक (न्यूट्रल सायटेशन) असतो, त्यात इंदूरसाठी 'आयएनडी', ग्वाल्हेरसाठी 'जीडब्ल्यूएल', जबलपूरसाठी 'जेबीपी' अशी खूण. निकाल पुढे उलटला का ते बघा आणि ज्या परिच्छेदावर भिस्त आहे तो स्वतः वाचून खूण करा. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचून दिलेला निकाल कधीकधी आपल्याच विरुद्ध निघतो. चॅटबॉटने दिलेलं निकालाचं नाव अधिकृत संकेतस्थळावर उघडून बघितल्याशिवाय कागदावर येऊ देऊ नका.

डायरी आणि प्रमाणपत्र?

नियमाप्रमाणे इंटर्नशिप डायरी ठेवावी लागते आणि ती मार्गदर्शक वकील नि कॉलेजचे प्राध्यापक दोघंही तपासतात. रोज संध्याकाळी लिहा: प्रकरण क्रमांक, मुद्दा, काय केलं, काय आदेश झाला. पक्षकारांची नावं नकोत. सही दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी महिनाभराच्या 24 पानांवर सह्या मागितल्या तर वकीलसाहेब वाचणार नाहीत, आणि त्यांना वाचायला लावणं हाच तर हेतू.

न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी हा अनुभव धरतात का?

विद्यार्थिदशेतला नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्यात धरलं जातं. पदवीपूर्व इंटर्नशिप त्यात बसत नाही. एडीपीओच्या परीक्षेत फौजदारी कायद्याची ओळख उपयोगी पडते, एवढंच.

शेवटच्या दिवशी काय परत करायचं?

फाइलींची यादी करून मुंशीजींची पोच घ्या. ओळखपत्र आणि प्रवेशपास परत. पेनड्राइव्हवरचे मसुदे कार्यालयाच्या संगणकावर ठेवून स्वतःकडचे पुसा. व्हॉट्सॲपवर ओआयसीने पाठवलेले कागदही पुसा आणि ग्रुपमधून बाहेर पडा. ज्या प्रकरणांत पुढच्या दहा दिवसांत जवाब द्यायचाय त्यांचं एक पान, क्रमांक, तारीख आणि काय अडलंय यासह, वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवा. त्याची एक प्रत तुमच्या जागी येणाऱ्या मुलासाठी मुंशीजींकडे द्या.